रुखवतात गेलेली पाचर

रुखवतात मांडलेली वस्तू परत मागता येत नाही, हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. पण त्याच्या घरी कुत्रं नसणार, एवढं नक्की.

मी कऱ्हाडात ड्रॉइंगमास्तर आहे. स्वस्थ बसणं माझ्या पिंडात नाही. वर्गात मुलं फुलदाणी काढत असतात तेव्हा मी फुलदाणीचा तुटलेला कान चिकटवत असतो. घरी आलो की अंगरखा खुंटीला अडकवायच्या आधी हातात करवत येते. आजवर मी एक पाणचक्की बांधली, एक आगबोट बांधली आणि एकदा पाळण्याला आपोआप झोका देणारं यंत्र बांधलं. त्या यंत्राविषयी आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे, म्हणून मीही बोलत नाही.

आता कुठलीही प्रतिकृती बांधली की काहीतरी उरतंच. उरलेलं फेकून देणारी माणसं मला कळत नाहीत. सायकलचे आरे, छत्रीच्या काड्या, दोऱ्याची रिकामी रिळं, रॉकेलच्या डब्याचा पत्रा, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली चक्रं, यातलं उद्या काय लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यात लढाई सुरू झाल्यापासून साधा खिळा मिळायचा म्हणजे चार ओळखी काढाव्या लागत. म्हणून मी साठवतो. पलंगाखालची जागा संपली तेव्हा मी पलंगावर साठवू लागलो. एकदा बारीक स्क्रू ठेवायला काहीच मिळेना, तेव्हा ते मी मोहरीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवले. नेमके त्याच आठवड्यात शेजारचे तात्या आमच्याकडे जेवायला आले. त्यांची दाढ नंतर बरी झाली, पण अजूनही आमच्याकडची आमटी ते आधी बोटांनी चाचपतात आणि मग भुरकतात.

त्या दिवशी हिने एक चहाचं रिकामं खोकं माझ्यापुढे आदळलं. "यात मावेल तेवढं तुमचं. बाकीचं कोयनेत," ही म्हणाली. मी सगळं त्या खोक्यात कोंबलं, तुकडे खडखडू नयेत म्हणून वर रंध्याच्या भुशाची जाड गादी घातली आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'नाजूक' असं लिहिलं. भुशाची ती गादी पाचर आणि खुंटी यांनी त्याच दुपारी ताब्यात घेतली.

पाचर आणि खुंटी या आमच्या दोन कुत्र्या. कोणीतरी दोन पिल्लं आमच्या पडवीत सोडून दिली होती. ती वाढतील असं सगळे म्हणत होते. ती वाढली नाहीत. दोन वर्षांनीही दोघी मिळून एका खोक्यात मावत. एकीची शेपटी सदा ताठ, म्हणून ती खुंटी. दुसरी, कुठलीही दोन माणसं शेजारी बसली की मधली फट शोधून तिथे घुसायची, म्हणून ती पाचर. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलात तर तंगड्या तोडीन, असं ही त्यांना रोज बजावायची. त्यांच्या तंगड्या इतक्या आखूड होत्या की उंबरा ओलांडायचा प्रश्नच नव्हता.

मला विचाराल तर या दोघींसारखी सोबत नाही. मी काही बांधायला बसलो की माणसं सल्ले देतात. या दोघी नुसत्या बघायच्या. खुंटी माझ्या पायावर बसायची, पाचर नेमकी मला कापायच्या असलेल्या फळीवर बसायची, आणि चुकून खिळा वाकला तरी दोघींच्या चेहऱ्यावर त्याची नोंद दिसायची नाही. शाळेतल्या चहाच्या सुट्टीत जे समाधान मला कधी मिळालं नाही ते मला त्या पडवीत मिळालं.

तर आमच्या पद्माचं लग्न सांगलीत ठरलं. पद्मा आमची एकुलती एक मुलगी. जावई मधुकर पुण्याला लष्करी हिशेबखात्यात, तिथे त्याला अजून बिऱ्हाड मिळालेलं नव्हतं, म्हणून तूर्त मुलीने सांगलीला सासू-सासऱ्यांजवळ राहायचं होतं. व्याही निवृत्त वकील. रुखवताची तयारी सुरू झाली. गल्लीतल्या बायकांनी साखरेच्या पाकाची तुळशीवृंदावनं, डाळींच्या रांगोळ्या, मण्यांचे पोपट यांचा धडाका लावला. बाप ड्रॉइंगमास्तर असून रुखवतात नुसते पोपट जावेत हे माझ्या मनाला पटेना. मी जाहीर केलं की सांगलीकरांना मी त्यांचा कृष्णेवरचा पूल करून देणार, आणि त्यावरून चावीचा टांगा धावणार.

जाहीर केल्यावर माझ्या लक्षात आलं की पुलाच्या कमानी किती ते मला माहीत नाही. मी तो पूल एकदाच पाहिला होता आणि तेव्हा माझी टोपी उडाली होती. तात्या पूर्वी मामलेदार कचेरीत होते, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत असतं. त्यांनी एक आकडा ठामपणे सांगितला. पोस्टमास्तरांनी दुसरा सांगितला. सांगलीहून हळद विकायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याने तिसरा सांगितला आणि वर, मी रोज त्यावरून जातो, म्हणाला. पुलावरून जाणाऱ्याला कमानी दिसत नाहीत हे मी त्याला समजावू लागलो, तर तो रागावून निघून गेला. शेवटी फळीच्या लांबीत बसतील तेवढ्या कमानी मी केल्या.

खिळ्यांसाठी मी पुरवठा कचेरीत अर्ज केला. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला.

"लग्नाला कापड मिळतं. खिळे नाही मिळत," तो म्हणाला.

"पुलाला हवे आहेत."

"मग बांधकाम खात्यातर्फे या."

"पूल हातभर लांबीचा आहे."

"लांबी अर्जात लिहायला पाहिजे होती," असं म्हणून त्याने अर्ज परत केला. अखेर माझ्या खोक्याने मला तारलं. चार वर्षं साठवलेलं सगळं उपयोगी पडलं. आगबोटीच्या कठड्याचे पुलाला कठडे झाले, गजराच्या घड्याळाची स्प्रिंग टांग्याला बसली. हिच्यासमोर मी ते दोनदा मोठ्याने बोलून दाखवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी टांगा पुलाच्या मध्यावर अडकला. ऐन वेळी दुरुस्ती करता यावी म्हणून मी खोकं उचलून रुखवताच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवलं, टांगा चालता केला आणि सीमांतपूजनाची हाक आली म्हणून धावलो. त्यानंतर दिवसभर मला कोणी बसू दिलं नाही, आणि लग्नाच्या मांडवात वधूपित्याने खोकी मोजत हिंडू नये असा संकेत आहे. संध्याकाळी वऱ्हाडाची मोटार निघाली. पद्मा माझ्या गळ्यात पडून रडली. ही मात्र रडली नाही. "श्रीखंडाचं पातेलं कोणी उघडं टाकलंय?" असं म्हणत आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाचर दिसेना. गेली असेल मांडवातल्या उष्ट्यामागे, असं म्हणून मी सोडून दिलं. मग पडवीत पाहतो तर खोकंही नाही, आणि खोक्याच्या जागी खुंटी एकटी बसलेली. मी प्रीतिसंगमापर्यंत हाका मारत जाऊन आलो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला विचारी, मास्तर, पाचर कशाला हवी, आणि लाकडाची एक काढून देऊ लागे. मी कोणाकोणाला समजावणार.

खुलासा मनुबाईंनी केला. मनुबाई म्हणजे माझ्या वाईच्या मावशी. पद्माबरोबर पाठराखीण म्हणून त्या सांगलीला गेल्या होत्या आणि नव्या सुनेला चार दिवस सोबत करून परत आल्या होत्या.

"चिंतामणा," पाटावर टेकता टेकता त्या म्हणाल्या, "कुत्री रुखवतात मांडली होतीस तर मला आधी सांगायचंस. मी तिथे तोंडावर काय उत्तर देऊ?"

"मांडली नव्हती हो. ती झोपली असेल खोक्यात."

"क्रोशाच्या रुमालाखाली?"

"रुमाल कोणी टाकला?"

"मीच टाकला. खोकं उघडंबोडकं दिसत होतं. वर तू 'नाजूक' लिहिलेलं. मला वाटलं, काचसामान असेल."

पुढचं मी आपल्या डोळ्यांपुढे आणलं. श्रीखंड चाटून सुस्तावलेली पाचर भुशात घोरत पडली, 'नाजूक' म्हणून खोकं विहीणबाईंनी मोटारीत स्वतःच्या पायाशी ठेवून घेतलं, आणि सांगलीत चार बायकांसमोर रुमाल उचलल्यावर आतून पाचर जांभई देत उठली. मनुबाईंच्या म्हणण्याप्रमाणे व्याही तिथल्या तिथे खूष झाले. पोपट सगळेच देतात, जिवंत वस्तू रुखवतात मांडणारा बाप मी पहिलाच पाहिला, असं ते दारावरून जाणाऱ्याला बोलावून सांगतात.

"आणि पूल?" मी विचारलं.

"पूल पोचला," मनुबाई म्हणाल्या.

आता काय करावं यावर आमच्या पडवीत विचारविनिमय झाला. तात्यांचं मत पडलं की रुखवतातली वस्तू बदलून घेता येते, मात्र बदली वस्तू भारी पाहिजे. तेव्हा एखादी म्हैस द्यावी. पोस्टमास्तरांनी सुचवलं की कुत्री चावरी आहे असं कळवावं. मी म्हटलं, चावरी कुत्री मुलीबरोबर पाठवली असं कळवू? त्यावर ते म्हणाले, मग तुम्हीच बघा. हिने सगळं दारातून ऐकलं आणि एकदाच बोलली.

"परत मागाल तर याद राखा. बापाने दिलेलं परत नेलं, हे माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. गेली ती गेली. एक पीडा कमी झाली."

हिचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

पण खुंटीला हे कोणी सांगायचं? तिने खाणं टाकलं. खोक्याच्या जागेवर जाऊन हुंगायची, परत यायची, दारात उभी राहायची, पुन्हा जायची. तिची शेपटी खाली आलेली मी प्रथमच पाहिली. तिच्या मागोमाग मीही पडवीत येरझारा घालू लागलो. काही बांधायला घेतलं तर फळीवर कोणी बसलेलं नाही, त्यामुळे काम सरळ आणि लवकर होई आणि त्यात काही राम वाटत नसे. लेकीला सासरी पाठवल्यावर बापाने कुत्रीसाठी डोळे पुसावेत हे शोभणारं नव्हतं. म्हणून कोणी पाहिलं की मी पद्माची आठवण आली असं सांगत असे. काही दिवसांनी माझं मलाच समजेना की यातलं खरं कोणतं. घर फार मोठं झालं होतं आणि मला त्यात करमत नव्हतं.

शेवटी मी बेत आखला. टांगा बिघडला असणारच. तो दुरुस्त करायला म्हणून सांगलीला जायचं. दुरुस्तीला लागणारे सुटे भाग त्या खोक्यात, म्हणजे खोकं मागणं आलंच. खुंटीला बरोबर न्यायचं. बहिणीला बघून पाचर आपण होऊन माझ्यामागे चालत आली, तर मी मागितली असं कोणाला म्हणता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हिला मी फक्त टांग्याचं सांगितलं. हिने माझ्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं आणि, "लवकर या," म्हणाली.

त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी, पुढे धूर, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. मोटार-स्टँडवरच्या एजंटाने खुंटीला पाहताच हात आडवा केला. जनावर म्हणजे माल, माल टपावर. मी म्हटलं, ही माल नाही, ही कुत्री आहे. तो म्हणाला, मग उतारू असेल तर आसन द्यावं लागेल आणि आसन शिल्लक नाही. मी बाजूला गेलो, खुंटीला पकडी-हातोड्याच्या पिशवीत घातलं, वर छत्री उघडून धरली आणि मागच्या दाराने चढलो. आत बसल्यावरही छत्री मिटता येईना.

शेजारी हंबीरराव म्हणून एक गृहस्थ होते, वाळव्याकडचे उसाचे बागाईतदार, पूर्वी पलटणीत होते. त्यांनी बराच वेळ माझ्या छत्रीकडे पाहिलं.

"मास्तर, मोटारीला छप्पर हाय," ते म्हणाले.

"ऊन लागतं मला."

"लागू द्या की. पर तुमची पिसवी हलतीया."

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घातला, खुंटीला बाहेर काढलं आणि आपल्या फेट्याच्या शेमल्याखाली घेतलं. "आमच्या पलटणीत असलंच एक बारकं हुतं," ते म्हणाले. "तोफंचा आवाज झाला की माज्या कोटात शिरायचं. लय आधार वाटायचा गड्या. त्येला न्हाई, मला."

पुढे एका फाट्यावर पोलिसांनी मोटार थांबवली. गेली दोन-तीन वर्षं आमच्या भागात कुठे तारा तुटत, कुठे रूळ उखडत, त्यामुळे झडती नेहमीचीच झाली होती. हवालदाराने माझी पिशवी उघडली. आत पकड, तारेचं भेंडोळं, पत्र्याची नळी आणि घड्याळाची स्प्रिंग. त्याने एकेक वस्तू बोनेटवर मांडली आणि माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी भीतीबरोबर मला थोडं बरंही वाटलं. सरकार उलथवू शकेल असा माणूस म्हणून माझ्याकडे पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं.

"हे कशासाठी?"

"टांग्यासाठी," मी म्हणालो.

"कोणाच्या टांग्यासाठी?"

हंबीरराव खिडकीतून वाकले. "आवं हवालदार, सोडा की त्येस्नी. ह्यो मानूस काय बाँब करनार? येका कुत्रीला धड लपवता येत न्हाई ह्येला."

सगळी मोटार हसली. हवालदारही हसला आणि त्याने सामान परत पिशवीत टाकलं. मी सुटलो खरा, पण सांगली येईपर्यंत हंबीररावांशी बोललो नाही. उतरताना मात्र त्यांनी खुंटीला माझ्या हातात दिलं आणि, "जपा तिला," म्हणाले, तेव्हा मला बोलावंच लागलं.

व्याह्यांच्या घरी माझं स्वागत थाटात झालं. थंडगार कोकमाचं सरबत पुढे आलं आणि तसंच राहिलं. नातवंड होईपर्यंत लेकीच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी सकाळपासून उपाशी, त्यात सांगलीचं ऊन. सरबताच्या भांड्यावरून थेंब ओघळत होते ते मी बघत बसलो. खुंटीला मी पिशवीतच ठेवली होती.

माझा पूल मला लगेच सापडेना. मग दिसला. मागच्या ओटीवर होता, आणि त्यावर विहीणबाईंनी लिंबं वाळत घातली होती. प्रत्येक कमानीवर एकेक.

"कमानी चुकल्यात तुमच्या," व्याही म्हणाले. "मी मुद्दाम नदीत उतरून मोजून आलो. पण मास्तर, ती कुत्री! काय कल्पना! रुखवत म्हणजे मुलीच्या घरचं कसब, असं सगळे समजतात. तुम्ही मुलीच्या घरचा जीव पाठवलात."

वकिलांच्या या वाक्याने माझा निम्मा बेत कोसळला. उरलेला सावरत मी म्हटलं, "टांगा जरा बघावा म्हणून आलो होतो. सुटे भाग त्या खोक्यात आहेत."

"क्षमा, खोकं आण गं," विहीणबाईंनी हाक मारली.

कोणी आलं नाही. पद्माचं लग्नातलं नाव क्षमा, हे माझ्याच लक्षात यायला क्षण गेला.

"क्षमा," विहीणबाई पुन्हा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "राग मानू नका, पण तिला ऐकायला थोडं कमी येतं का हो? बोलतही नाही फारशी. आणि मोतीचं तसंच. हाक मारली तर ढिम्म हलत नाही."

"मोती कोण?"

"तुमची कुत्री. पाचर हे काय नाव झालं? आम्ही मोती ठेवलं."

माझ्या मुलीला बहिरी म्हटल्याचा मला संताप आला. तो दाखवता येईना, म्हणून मी उठलो आणि, खोकं मीच आणतो, म्हणून मागच्या दारी गेलो.

मागच्या दारी तुळशीपलीकडे न्हाणीघराची पायरी होती. त्या पायरीवर पद्मा बसली होती आणि तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत पाचर. पद्मा तिला हलक्या आवाजात हाक मारत होती. "पाचर. ए पाचर. पाचरबाई." पाचर प्रत्येक हाकेला शेपटी हलवीत होती. मला पाहिल्यावर पद्मा उठली आणि तिने आधी काय केलं असेल तर पाचरला उचलून छातीशी धरलं.

"नाना, तिला न्यायला आलात?"

लहानपणापासून ही पोरगी माझ्या पिशवीत काय आहे ते न उघडता सांगत असे.

"टांगा दुरुस्त करायला आलो," मी म्हणालो.

"खरं सांगा."

तिचे डोळे भरून आले. "इथे सगळे चांगले आहेत हो. सासूबाई कधी आवाज चढवत नाहीत. पण मला हाक मारतात ती मला कळतच नाही. कोणीतरी दुसरीच क्षमा या घरात आहे आणि ती येत नाही म्हणून सगळे खोळंबलेत, असं वाटतं. मनुआजी होती तोवर ती तरी पद्मी म्हणायची. आता हिला मी पाचर म्हणते, आणि ही वळून बघते, तेव्हा मी मी आहे असं वाटतं. मग मी आत जाते आणि दिवसभर क्षमा होते."

चार वर्षं तुकडे साठवणाऱ्या माणसाला आपल्या लेकीपाशी काय शिल्लक राहिलंय याचा पत्ता नव्हता, याची मला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात पुढच्या दारी कल्लोळ झाला. खुंटीला पिशवीतून वास लागला होता. पिशवीसकट ती मागच्या ओटीवर आली, मागोमाग व्याही आणि विहीणबाई, आणि पिशवी मागे टाकून ती पुढे सुटली. इकडून पाचरने पद्माच्या हातातून उडी घेतली. दोघींची गाठ बरोबर पुलापाशी पडली. पूल उलटला, लिंबं घरभर घरंगळली, कठडे एकीकडे आणि कमानी दुसरीकडे गेल्या, आणि टांगा, जो महिनाभर हलला नव्हता, तो सुटून थेट व्याह्यांच्या पायांवर जाऊन थडकला. दोघी त्या पसाऱ्यात एकमेकींना चाटत, लोळत, कुंईकुंई करत होत्या. पद्मा हसली. आमच्या पडवीत हसायची तशी, खांबाला धरून, वाकून, श्वास लागेपर्यंत.

विहीणबाई हातात लिंबू घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अगंबाई, ही हसते," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनाही हसू आलं.

"ही दुसरी कोण?" व्याह्यांनी विचारलं.

समोर पाचर होती, पायाशी खुंटी होती, दार उघडं होतं. चालू लागलो असतो तर दोघी माझ्यामागे आल्या असत्या. माझा बेत तंतोतंत तडीला जाणार होता. मी पद्माकडे पाहिलं.

"ही खुंटी," मी म्हणालो. "रुखवतात जोडी द्यायची होती. घाईत एकच मांडली गेली. दुसरी द्यायची राहिली होती, ती घेऊन आलो. फक्त एक विनंती आहे. यांची नावं बदलू नका. आणि घरात एखाद्या वेळी आमच्या मुलीला पद्मा म्हणून हाक मारलीत तरी तिला ऐकू येतं."

विहीणबाई लिंबू पदरात टाकून मागे वळल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "पद्मा, या दोघींना पाणी दे गं." पद्मा पहिल्याच हाकेला गेली.

मी पुलाचे तुकडे वेचून खोक्यात भरले. व्याही राहू द्या म्हणत होते, पण तुकडे मागे ठेवणं मला जमत नाही. मोटार-स्टँडवर एजंटाने खोक्यात डोकावून, यात जनावर नाही ना, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने मला खिडकीजवळची जागा दिली.

दिवेलागणीला घरी पोचलो. ही दारातच उभी होती. तिने माझ्या हातातल्या खोक्यात पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, मग पुन्हा खोक्यात पाहिलं. तिच्या हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीचं भांडं होतं. दोघींना पुरेल एवढी.

मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. पायरीवरच्या एकट्या पद्माचं सांगितलं, क्षमाचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं. लग्नात न रडलेली ही बाई भांडं हातात धरून उभ्याउभ्याच रडू लागली. मला काय करावं ते सुचेना. पूर्वी अशा वेळी आमच्या दोघांच्या मधे कोणीतरी येऊन बसत असे.

सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं, मांडीवर ठेवलं आणि खाऊ लागलो. हिने मला थांबवलं नाही. डोळे पुसले आणि ती माझ्या शेजारी, अगदी जवळ, फट न ठेवता बसली. आमच्याकडे रेशनची साखर कुलपात असते आणि किल्ली हिच्या कमरेला असते.

"थांबा," ही म्हणाली. "थोडी साखर घालते."